गूगलवर साइट घसरली? नाशिकच्या साइटमालकांसाठी तपासणीचा आणि दुरुस्तीचा क्रम

"साइट बसली, गूगलनं काहीतरी केलंय," असा फोन आला की मी आधी महिना कोणता चाललाय ते बघतो. नाशिकमध्ये हे फार उपयोगी पडतं. गंगापूर धरणाकडच्या द्राक्षबागेत मुक्कामाची सोय करणाऱ्याची साइट जूनमध्ये खाली आली, तर त्यात गूगलचा हात असेलच असं नाही. जूनमध्ये बागेत द्राक्षंच नसतात, लोक शोधणार काय?

रँकिंगचे नियम बदलतात हे मात्र खरं आहे, आणि ते आजचं नाही. नोव्हेंबर २००३ मधल्या 'फ्लोरिडा' बदलानं ऐन नाताळच्या तोंडावर कितीतरी दुकानं गूगलवरून गायब झाली होती. २०११ साली 'पांडा'नं पोकळ मजकुराच्या साइट खाली ढकलल्या, २०१२ साली 'पेंग्विन'नं विकत घेतलेल्या लिंकांवर बडगा उचलला. ऑगस्ट २०२२ मध्ये वाचकाला उपयोगी मजकूर वर आणणारं 'हेल्पफुल कन्टेन्ट' आलं आणि मार्च २०२४ मध्ये ते गूगलच्या मूळ रँकिंग पद्धतीतच मिसळून टाकलं गेलं. तो मार्चचा बदल पूर्ण लागू व्हायला ५ मार्च ते १९ एप्रिल असे ४५ दिवस लागले. आता वर्षातून काही वेळा 'कोअर अपडेट', म्हणजे रँकिंगमधला मोठा बदल, जाहीर होतं, आणि न जाहीर केलेले छोटे बदल तर चालूच असतात.

घसरण दिसली की लोक त्याच रात्री थीम बदलतात, सगळ्या पानांची शीर्षकं बदलतात, कुणाकडून तरी पाचशे लिंक घेतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पुढचा क्रम लहान व्यवसायाची, बहुधा वर्डप्रेसवरची साइट चालवणाऱ्यासाठी आहे. यातलं बरंचसं काम डेव्हलपरशिवाय होतं. फक्त क्रम मोडू नका.

पायरी १: साइट गूगलला दिसते तरी का?

गूगलचं साइटमालकांसाठीचं मोफत साधन, म्हणजे सर्च कन्सोल, उघडा. वरच्या चौकटीत मुखपृष्ठाचा पत्ता टाकून तपासा आणि 'लाइव्ह टेस्ट' चालवा. मग ज्या पानांवर पूर्वी जास्त लोक यायचे अशी तीन-चार पानं तशीच तपासा. पान इंडेक्स होऊ शकत नाही, म्हणजे गूगलच्या नोंदीत येऊ शकत नाही, असं आलं, तर अल्गोरिदमला दोष देण्यात अर्थ नाही. कारणं बहुतेक वेळा साधी निघतात. डोमेनची (साइटच्या पत्त्याची) किंवा एसएसएलची (साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची) मुदत संपलेली असते. होस्टिंगवाल्यानं नवी फायरवॉल बसवताना गूगलचा बॉटच (साइट वाचत फिरणारा प्रोग्राम) अडवलेला असतो. आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे वर्डप्रेसच्या सेटिंगमधल्या 'रीडिंग' पानावरची खूण. साइट नव्यानं बनवताना डेव्हलपरनं 'सर्च इंजिनना परावृत्त करा' हा पर्याय टिचकवलेला असतो आणि साइट सुरू झाल्यावर तो काढायचा राहून जातो.

त्यानंतर 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' आणि 'सिक्युरिटी इश्यूज' ही दोन पानं बघा. अपडेटमुळे साइट खाली गेली तर गूगल तुम्हाला काहीही कळवत नाही. माणसानं तपासून कारवाई केली असेल तर ती मात्र इथे लिहिलेली असते. साइट हॅक झाली असेल तर कधीकधी आपल्या नावाखाली जपानी मजकुराची शेकडो पानं इंडेक्समध्ये दिसतात. असं काही सापडलं तर आधी ते दुरुस्त करा. पुढच्या पायऱ्यांची कदाचित गरजच पडणार नाही.

पायरी २: तारीख जुळवा

गूगलचा 'सर्च स्टेटस डॅशबोर्ड' सगळ्यांसाठी खुला आहे. कोणतं अपडेट कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हे तिथे तारखेनिशी मिळतं. सर्च कन्सोलमधला क्लिकचा आलेख शेजारी ठेवा. घसरण अपडेट सुरू होण्याच्या आठवडाभर आधीच लागली असेल, तर कारण दुसरीकडे शोधा.

अपडेट अजून चालू असेल तर निष्कर्ष काढू नका. त्या दिवसांत पान चौथ्यावरून अकराव्यावर आणि पुन्हा पाचव्यावर येऊ शकतं. गूगलचा स्वतःचा सल्ला असा की अपडेट संपल्यावर निदान एक पूर्ण आठवडा जाऊ द्यावा, मग अपडेटपूर्वीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा यांची तुलना करावी. सोमवारची तुलना सोमवारशीच झाली पाहिजे, म्हणून आठवडे पूर्ण घ्या.

याच कामासाठी एक वही किंवा शीट ठेवा. थीम कधी बदलली, प्लगइन कधी टाकलं, होस्टिंग कधी हलवलं, कोणती पानं कधी काढली, सगळं तारखेसह लिहा. सर्च कन्सोल १६ महिन्यांचेच आकडे ठेवतं, त्यामुळे दर महिन्याला आकडे उतरवून घेणंही याच वहीचं काम. दोन वर्षांपूर्वीचा श्रावण कसा गेला होता, हे गूगल तुम्हाला सांगणार नाही.

पायरी ३: हंगाम वजा करा

नाशिकचं अर्थकारण हंगामावर चालतं, म्हणून शोधही हंगामावरच चालतात. द्राक्षबागायतदारांसाठी माहिती देणारी साइट घ्या. 'ऑक्टोबर छाटणी', 'डाउनी' (द्राक्षावरचा रोग), 'डिपिंग' (घड औषधात बुडवणं) हे शब्द ठराविक आठवड्यांतच शोधले जातात. खरड छाटणी उरकली की डाउनीवरचं पान पडणारच. कांदा चाळीवरचं पान उन्हाळ कांदा निघायच्या सुमारास वर येतं. पैठणीच्या दुकानाला लग्नसराई आणि दिवाळी, इगतपुरीच्या रिसॉर्टला पाऊस, वणीच्या वाटेवरच्या हॉटेलला चैत्रोत्सव आणि नवरात्र. एप्रिलचे आकडे फेब्रुवारीशी ताडून बघितले तर निम्म्या नाशिकच्या साइट 'गूगलनं मारलेल्या' दिसतील.

म्हणून तुलना मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी करावी. पण यातही एक खाच आहे आणि पुण्या-मुंबईचे एसइओवाले, म्हणजे साइट गूगलवर वर आणून देणारे, ती हमखास विसरतात. आपले सण तिथीवर चालतात आणि सर्च कन्सोल इंग्रजी तारखांवर. २०२५ साली श्रावण २५ जुलैला लागला. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे तो थेट १३ ऑगस्टला लागतो. त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाचं, ब्रह्मगिरी प्रदक्षिणेचं किंवा तिथल्या निवासाचं पान चालवणाऱ्यानं ऑगस्टचा पहिला आठवडा मागच्या वर्षाच्या पहिल्या आठवड्याशी ताडला, तर साइट कोसळल्यासारखी वाटेल. प्रत्यक्षात श्रावणच सुरू झालेला नसतो. तारखा हातानं निवडा: श्रावणातला दुसरा आठवडा श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्याशी.

गूगल ट्रेंड्सवर आपले मुख्य शब्द टाकून प्रदेश महाराष्ट्र ठेवा. तिथली रेष तुमच्या आलेखाबरोबरच खाली येत असेल तर मागणी घटली आहे. सिंहस्थाच्या बाबतीत हे आणखी जपून करावं लागेल. २०२७ च्या कुंभमेळ्याच्या आसपास नाशिक, रामकुंड, त्र्यंबक हे शब्द असलेल्या प्रत्येक पानाला लोंढा मिळेल आणि मेळा सरल्यावर तो ओसरेल. त्या आकड्यांवर पुढच्या वर्षाचा खर्च ठरवू नका.

पायरी ४: तीन आकडे एकत्र वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स' पानावरचे तीन आकडे घ्या: क्लिक, इंप्रेशन (तुमचं पान निकालांत किती वेळा दिसलं) आणि सरासरी स्थान. क्लिक कमी झाले एवढंच बघून घाबरायचं नाही. बाकीचे दोन काय करतायत ते बघायचं.

इंप्रेशन घटले आणि स्थान जवळजवळ तेच राहिलं, तर लोक शोधत नाहीत. हंगाम, सुट्ट्या, मागणी. साइटला हात लावायची गरज नाही.

स्थान आणि इंप्रेशन तसेच, पण क्लिक घटले, तर निकालांच्या पानाचं रूप बदललं आहे. तुमच्या वर जाहिराती वाढल्या असतील, नकाशाची चौकट आली असेल, किंवा एआयनं तयार केलेलं उत्तर वरच मिळत असेल. भारतात हे एआय ओव्हरव्ह्यू ऑगस्ट २०२४ पासून दिसू लागलं. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलनं निकालाखाली दिसणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या उघडणाऱ्या ओळी बहुतेक साइटसाठी बंद केल्या, तेव्हाही रँक तोच राहून क्लिक कमी झाल्याचा अनुभव अनेकांनी घेतला. यावर उपाय म्हणजे एका ओळीत उत्तर संपणाऱ्या पानांवर विसंबणं कमी करणं. 'नाशिक ते त्र्यंबक किती किलोमीटर' याचं उत्तर, म्हणजे सुमारे ३०, आता कुणी साइट उघडून वाचणार नाही.

इंप्रेशन एकदम घटले आणि सरासरी स्थान उलट सुधारलेलं दिसलं, तर तारीख बघा. सप्टेंबर २०२५ च्या मध्याला असेल तर ती मोजणीतली उलथापालथ आहे. एका पानावर शंभर निकाल मागण्याची सोय गूगलनं तेव्हा बंद केली. रँक तपासणारी यंत्रं तिचा वापर करून खोल पानांवरचे खोटे इंप्रेशन वाढवत होती, ते गेले. माणसं कमी झाली नाहीत.

आणि स्थानच घसरलं असेल, तर हा खरा रँकिंगचा प्रश्न. त्यातही दुसऱ्यावरून चौथ्यावर येणं आणि चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर जाणं यांत फार अंतर आहे. पहिल्या प्रकारात काहीही मोठं बदलू नका. पुढच्या पायऱ्या दुसऱ्या प्रकारासाठी आहेत.

पायरी ५: कोणती पानं, कोणते शब्द

संपूर्ण साइट क्वचितच सारखी पडते. तुलनेच्या तारखा लावून 'पेजेस' टॅब उघडा आणि क्लिकमधल्या फरकानुसार क्रम लावा. पडलेल्या पहिल्या दहा-पंधरा पानांत काय सारखं आहे ते शोधा. सगळी ब्लॉगची पानं आहेत? सगळी गावोगावची पानं? सगळी भाषांतरित? बहुतेकदा उत्तर इथेच दिसतं.

मग शब्दांकडे या. दुकानाचं नाव टाकून येणारे लोक बाजूला काढा. त्यांचा रँकिंगशी फारसा संबंध नसतो. उरलेले शब्द शीटमध्ये उतरवून अक्षरांच्या क्रमानं लावले, की इंग्रजी अक्षरांतले शोध वर आणि देवनागरीतले खाली असे आपोआप वेगळे होतात. या दोन गटांची वागणूक वेगळी असते. फक्त देवनागरी गट पडला असेल तर मराठी पानांचा दर्जा तपासा. शुद्धलेखनाची चिंता मात्र नको. 'त्रंबकेश्वर', 'त्र्यंबकेश्वर', 'नासिक', 'नाशिक' हे सगळं गूगलला बहुतांशी कळतं, त्यासाठी चार पानं करू नयेत.

पायरी ६: आता वर कोण आहे?

पडलेल्या मुख्य शब्दांपैकी पाच घ्या, लॉगिन नसलेल्या खिडकीत शोधा आणि पहिले पाच निकाल शांतपणे वाचा. दर्शनाच्या वेळेसाठी तुमच्या वर देवस्थानाची अधिकृत साइट आली असेल, तर ते योग्यच झालं; तिथे लढू नका. सगळीकडे व्हिडिओ वर आले असतील तर लोकांना बघायचं आहे, वाचायचं नाही. तुमच्यासारखाच दुसरा व्यावसायिक वर असेल, तर त्याच्या पानावर असं काय आहे जे तुमच्या पानावर नाही, ते लिहून काढा. पाच शब्दांचं हे काम दुपारभरात होतं, आणि पैसे देऊन घेतलेल्या जाडजूड अहवालापेक्षा यातून जास्त कळतं.

पायरी ७: दुरुस्ती

आधी कचरा. टॅक्सीवाल्यांच्या साइटवर 'सिडको ते त्र्यंबक', 'पंचवटी ते त्र्यंबक', 'नाशिकरोड ते त्र्यंबक', 'सातपूर ते त्र्यंबक' अशी पानांची रांग असते. मजकूर अक्षरशः एक, नाव तेवढं बदललेलं. एक ना धड, भाराभर चिंध्या. गूगलच्या स्पॅम धोरणात अशा पानांना 'डोअरवे' असं नाव आहे. ती सगळी एका चांगल्या पानात मिळवा: कुठून निघाल्यास किती वेळ, श्रावणी सोमवारी गाडी कुठपर्यंत जाते, गाडी थांबवून ठेवण्याचे पैसे किती, परतीचं भाडं काय. जुने पत्ते ३०१ रीडिरेक्टनं, म्हणजे कायमच्या वळवणीनं, या पानाकडे वळवा. सिंहस्थाच्या तोंडावर ही चिंधीपानं पुन्हा उगवणार आहेत, म्हणून आधीच सांगतो.

एआयला सांगून एका रात्रीत दोनशे लेख पाडणं किंवा इंग्रजी लेख यंत्रानं मराठीत उतरवून न वाचता टाकणं, हेही मार्च २०२४ पासून स्पॅम धोरणात स्पष्टपणे येतं. साधन कोणतं वापरलं याला गूगलचा आक्षेप नाही. रँकसाठी घाऊक, निरुपयोगी पानं काढण्याला आहे. मराठी वाचकाला तर दोन ओळींतच कळतं की हे माणसानं लिहिलेलं नाही. अशी पानं एकतर हातानं नीट लिहा, नाहीतर काढा. पण सरसकट कापाकापी नको. चांगलं होऊ शकणारं पान आधी चांगलं करायचं; काढून टाकणं हा शेवटचा उपाय.

आता भर. डिसेंबर २०२२ पासून गूगलच्या दर्जाच्या निकषांत 'प्रत्यक्ष अनुभव' हा शब्द आला, आणि लहान व्यावसायिकाची खरी ताकद तिथेच आहे. येवल्याच्या पैठणी विक्रेत्याचं पान 'पैठणी ही महाराष्ट्राची शान आहे' असं सुरू होतं, तसं ते हजार साइटवर होतं. त्याऐवजी हातमागाची पैठणी उलटी करून पदराचा मागचा भाग दाखवा. नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी का दिसते, यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे का दिसतात, हे आपल्याच दुकानातल्या फोटोंसह लिहा. किंमत कशावर ठरते ते सांगा. गिऱ्हाईक काउंटरवर जे प्रश्न विचारतं, तेच लोक गूगलवर विचारतात. आठवडाभर ते प्रश्न लिहून ठेवले तर दहा पानांचा मजकूर हाताशी येतो. त्र्यंबकला पूजाविधीची सोय करणाऱ्यानं नारायण नागबळीला तीन दिवस लागतात, मुक्कामाची काय व्यवस्था, सोबत काय आणायचं, दक्षिणेत काय धरलंय आणि काय नाही, हे उघड लिहावं. पैशाच्या आणि श्रद्धेच्या व्यवहारात नाव, पत्ता, फोन आणि परताव्याचे नियम नसलेल्या साइटवर माणूसही विश्वास ठेवत नाही.

पानाची तारीख बदलून 'अद्ययावत' दाखवणं थांबवा. मजकूर खरंच बदलला तरच तारीख बदलायची.

मराठी साइटचे दोन जुने आजार आहेत. एक, मजकूर फोटोत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या बॅनरसारखं सगळं दरपत्रक चित्रात असतं आणि पानावर मजकूर शून्य. दोन, युनिकोड नसलेले जुने फॉन्ट. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण आत निरर्थक इंग्रजी अक्षरं असतात आणि गूगल तीच वाचतं. पानावरचं एक वाक्य कॉपी करून मोबाइलच्या नोट्समध्ये पेस्ट करून बघा. मराठी उमटलं नाही, तर साइट गूगलसाठी मराठी नाहीच.

वेगाबद्दल थोडक्यात. मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, पान उघडताना उड्या मारू नये (त्यासाठीचं गूगलचं माप ०.१ च्या आत). त्यासाठी प्लगइन कमी करा आणि फोटो लहान करा. पण वेग सुधारून पोकळ पान वर येत नाही, आणि हे आकडे २८ दिवसांच्या खऱ्या वापरावरून निघत असल्यानं दुसऱ्याच दिवशी फरक शोधू नका.

लिंका विकत घेऊ नका. नको त्या लिंका मोजू नका असं गूगलला सांगणाऱ्या 'डिसअव्हाव' साधनाच्याही वाटेला जाऊ नका. लिंकांवरून मॅन्युअल अ‍ॅक्शन आली नसेल तर बहुतेक साइटना त्याची गरज नसते. डोमेन बदलून जुनी साइट तिकडे वळवण्याचा सल्ला कुणी दिला, तर नम्रपणे चहा पाजून वाटेला लावा.

पायरी ८: थांबा, पण मोजत थांबा

एका वेळी एकाच गटाची पानं दुरुस्त करा आणि वहीत तारीख लिहा. काही सुधारणा थोड्या दिवसांत दिसतात, पण संपूर्ण साइटबद्दलचं गूगलचं मत बदलायला काही महिने जातात, आणि कधीकधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत वाट बघावी लागते. जुनं स्थान परत मिळेलच याची हमी गूगलही देत नाही. या काळात एका न बदललेल्या गटावर लक्ष ठेवा. तोही तितकाच वर-खाली होत असेल, तर श्रेय किंवा दोष तुमच्या दुरुस्तीचा नाही.

पायरी ९: दुसरी दारं उघडी ठेवा

स्थानिक धंद्यासाठी नकाशातले निकाल वेगळ्या हिशोबानं चालतात: समर्पकता, अंतर आणि प्रसिद्धी. साइट पडली तरी गूगल नकाशावरची तुमच्या धंद्याची नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल, चालू राहू शकतं. वेळा, सुट्ट्या, फोटो नीट ठेवा. कॉलेज रोडवरचं दुकान सीबीएसला दाखवू नका. रिव्ह्यूसाठी सवलत देणं नियमाबाहेर आहे, नुसती विनंती करायला हरकत नाही. आलेल्या ग्राहकाचा नंबर त्याच्या परवानगीनं व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत घ्या. पुढच्या हंगामात द्राक्षं तयार झाली की त्याला कळवायला गूगल लागत नाही.

एसइओवाला नेमायचाच असेल तर पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याला नको. तशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनंच लिहून ठेवलं आहे. मागच्या अपडेटमध्ये त्याच्या कोणत्या साइट पडल्या आणि त्यानं काय केलं, हे विचारा. डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल यांची मालकी तुमच्या स्वतःच्या ईमेलवर असू द्या आणि त्याला वापरकर्ता म्हणून जोडा. आजच सर्च कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'युजर्स अँड परमिशन्स' उघडा आणि मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. तीन वर्षांपूर्वी साइट बनवून गेलेल्या मुलाचं असेल, तर आधी स्वतःची मालकी पडताळून घ्या, मग त्याचं नाव काढा.